पंचवीस डिग्रीची बॅटरी

पेणच्या एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर घर असणं हे पूर्वजन्मीचं पुण्य की पाप, याबद्दल कमळाकर म्हात्रे सरांचं मत लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात पक्कं झालं होतं. खाडीकाठच्या गावांमध्ये सरांचे आणि त्यांच्या पत्नी इंदुबाईंचे मिळून जेवढे नातेवाईक होते, त्या सगळ्यांची पेणमधली कामं, मग ती दवाखान्याची असोत, कोर्टाची असोत नाहीतर चष्म्याची, सरांच्या ओटीवर सुरू होत आणि ओटीवरच संपत. शेवटची गाडी चुकणं ही तर त्या माणसांची वहिवाटच होती. जे फार काटेकोर होते, ते सकाळची पहिली गाडी चुकू नये म्हणून आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला येत.

सत्त्याण्णव साली लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा सरांनी मोठ्या मनाने विचारलं, "बोल, काय हवं तुला?" पाटल्या, पैठणी, गेलाबाजार प्रेशर कुकर, अशा उत्तराची त्यांनी तयारी ठेवली होती. इंदुबाई तेव्हा सातव्या माणसाचा चहा गाळत होत्या. गाळणीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "दोन दिस. तुमी नि मी. तिसरं माणूस नको."

"एवढंच ना?" सर म्हणाले. पुढे जे काही झालं त्याचं मूळ या दोन शब्दांत आहे.

कारण दोन दिवस मिळणं सोपं होतं, तिसरं माणूस नसलेली जागा मिळणं कठीण. अलिबागला इंदुबाईंचा चुलतभाऊ होता. माथेरानला सरांचा जुना विद्यार्थी एका हॉटेलात मॅनेजर होता आणि सरांची सेवा करायला तो टपलेलाच होता. महाबळेश्वरला कोणी नव्हतं, पण तिकडे जायचं नुसतं बोलल्याबरोबर सरांच्या आतेबहिणीने निरोप धाडला, "मग आमीपण येतो, तेवढीच तुमाला सोबत." शेवटी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले असताना एका परदेशी मासिकात सरांना ते चित्र दिसलं. रानात उभी असलेली एक गाडी, गाडीतच पलंग, शेगडी, दिवा, पंखा, आणि गाडीबाहेर खुर्च्या टाकून बसलेली दोन गोरी माणसं. सरांचा नंबर पुकारला गेला तरी ते चित्रच पाहत होते. गाडीपेक्षा त्यांना आवडली ती त्या दोन माणसांच्या भोवतीची रिकामी जागा.

जोह्याला एका मूर्तिकाराची जुनी मॅटॅडोर विकायची होती. पंधरा वर्षं तिने गणपतीशिवाय दुसरं काही वाहिलं नव्हतं. सरांनी ती घेतली, मागे पलंग ठोकून घेतला, खिडक्यांना पडदे लावले, एका कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह बसवला. इंदुबाईंनी सोडा टाकून तीनदा फळ्या घासल्या, तरी फटींतून सोनेरी आणि गुलाबी रंग वर येतच राहिला. गाडी बाजारातून निघाली की जुन्या सवयीने दोनचार माणसं चपला काढून हात जोडत. सर सुरुवातीला संकोचले. पुढे पुढे तेही आतून हलकेच मान लववू लागले.

पण गाडीचा खरा जीव होता विजेत. महिना मेचा, आणि इंदुबाई पंख्याशिवाय माहेरीसुद्धा राहत नसत. रानात वीज कुठली? म्हणून सरांनी इन्व्हर्टर घ्यायचं ठरवलं. त्या काळी पेणमध्ये इन्व्हर्टर दोनतीन डॉक्टरांकडे होता आणि बाकीच्यांनी त्याविषयी ऐकलेलं होतं. सर शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे त्यांनी सगळ्या आळीला ओटीवर बसवून तो समजावून सांगितला. बॅटरीतला करंट असतो बारा व्होल्टचा, म्हणजे गरिबाघरचा. इन्व्हर्टर नावाचा डबा त्याला दोनशेतीस व्होल्टचं, श्रीमंताघरचं सोंग घ्यायला लावतो. सोंग जेवढं मोठं, तेवढी बॅटरी लवकर दमते. दमली की गाडीचं इंजिन चालवायचं, ती पुन्हा भरते. आळीला यातलं सोंगापर्यंत कळलं.

मग सल्ले सुरू झाले. समोरचा विशाल डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला होता आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला त्याच्याकडे कंपनीचा दाखला असे. "सर, आमच्या कंपनीत अशी उघडी बॅटरी आणली असती ना, तर सेफ्टीवाल्यांनी गेटवरच अडवली असती," तो म्हणाला.

"मग मी काय करू?"

"हेल्मेट घाला," विशाल म्हणाला, आणि दुसऱ्या शिफ्टहून येताना खरोखरच दोन पिवळी हेल्मेटं घेऊन आला. शेजारचे निवृत्त तलाठी जास्त खोलात शिरले. इन्व्हर्टर गुणगुणतो, आणि त्या गुणगुणण्याला साप येतात, असं त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याच्या साडूच्या अनुभवावरून सांगितलं. मेव्हण्याच्या साडूकडे इन्व्हर्टर नव्हता, चक्की होती, पण तत्त्व एकच, असं त्यांचं म्हणणं पडलं. सरांनी हसून सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या चारी बाजूंनी टाकायला कार्बोलिक ॲसिडची बाटली आणून ठेवली.

बॅटरी विकणाऱ्या पुंडलिकने इंजिनच्या बॅटरीशिवाय ट्रकची एक वेगळी भलीदांडगी बॅटरी गाडीत बसवून दिली, वर पाणी भरायला एक रबरी पिचकारी भेट दिली. सरांनी रात्र जागून एक विद्युत अंदाजपत्रक तयार केलं आणि पुठ्ठ्यावर चिकटवून गाडीत टांगलं. पंखा सहा तास, ट्यूब तीन तास, रेडिओ दोन तास, आकस्मिक प्रसंगासाठी राखीव बारा टक्के. आकस्मिक प्रसंग म्हणजे काय, याची कल्पना तेव्हा सरांना नव्हती, नाहीतर त्यांनी बाराच्या जागी शंभर लिहिले असते.

एवढं झाल्यावर कागदांचं निघालं. गाडीत बदल केले की त्याची नोंद करावी लागते. सर कचेरीत गेले. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "गाडी कसली? प्रवासी की माल?"

"राहायची," सर म्हणाले.

"राहायची असा रकाना नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "पंखा छताला आहे?"

"हो."

"पलंग फळीला ठोकलेला?"

"हो."

"मग हे घर झालं. घराची नोंद इथं होत नाही."

घराची नोंद होते त्या कचेरीत सर गेले, तर तिथल्या बाईंनी घर कुठल्या वॉर्डात आहे ते विचारलं. "आज चार नंबरात आहे, शनिवारी रोह्याकडे असेल," असं सरांनी प्रामाणिकपणे सांगितल्यावर बाईंनी रजिस्टर मिटलं आणि डबा उघडला. आठ दिवसांच्या येरझाऱ्यांनंतर पहिल्याच साहेबांना सरांची कीव आली. गाडी आधी मूर्ती वाहायची, तेव्हा तेच पुढे चालू ठेवू, असा त्यांनी तोडगा काढला आणि कागदावर लिहिलं, 'माल: मूर्ती. नग: दोन.' सव्वीस वर्षं शिक्षणक्षेत्रात घालवलेल्या माणसाने त्याखाली सही केली.

शनिवारी सकाळी सहाला, आळी उठायच्या आत निघायचं ठरलं. सरांनी अंगणाचं फाटक उघडलं तर पायरीवर सासरे बसलेले. दाजी ठाकूर. सर त्यांना मामा म्हणत. दाजींनी पस्तीस वर्षं मिठागरावर मुकादमकी केली होती आणि मीठ सोडून जगात दुसरं शास्त्र आहे हे त्यांना मान्य नव्हतं. मिठागरातलं पाणी किती डिग्री झालं हे बघायची एक काचेची नळी असते, ती पाण्यात सोडली की तरंगते आणि आकडा दाखवते. निवृत्त होताना ती नळी दाजींनी बरोबर आणली होती आणि ती सतत त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असे. हातात एक डबा होता. त्यात मिठागरातलं पिकलेलं, मीठ धरायच्या बेताला आलेलं खारं पाणी असे. दुखरे गुडघे दाजी रोज त्यानेच शेकत.

"रोह्याला गुडघ्याचा वैदू हाय म्हनं," दाजी म्हणाले. "तुमी तिकडंच चाललाव. सोडा मना."

सरांनी इंदुबाईंकडे पाहिलं. इंदुबाईंनी वडिलांकडे पाहिलं. दाजी तोवर पुढच्या सीटवर बसले होते.

वाटेत गडब गावापाशी काशीबाई हमरस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी होती. ही इंदुबाईंची मावशी, सुकी मासळी विकणारी. तिच्या पायाशी दोन टोपल्या होत्या, एक सुकटीची, एक वाकट्यांची. "इंदू गो, एवढी मोठी गाडी नि रिकामीच चालवलीस व्हय?" ती म्हणाली. त्या पट्ट्यात गाडी रिकामी नेणं हे भरल्या ताटावरून उठण्याइतकं अपशकुनी समजतात. टोपल्या पलंगावर गेल्या. इंदुबाई पदर ओढून खिडकीबाहेर बघत बसल्या. पंचवीस वर्षांत त्यांचं बोलणं सरांना कधीकधी कळत नसे, पण न बोलणं मात्र बरोबर कळे.

"रोह्याला दोघं उतरतील," सर हळूच म्हणाले. "तिथून पुढे आपण दोघंच."

रोह्याला वैदू भाच्याच्या लग्नाला गेला होता आणि सोमवारी येणार होता. बाजार आदल्या दिवशी होऊन गेला होता. "मंग तुमच्यासंगतीच रावतो दोन दिस," काशीबाई म्हणाली. "तुमालापण करमंल."

रोह्याच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेच्या काठी करंजाच्या सावलीत सरांनी गाडी उभी केली. जागा मात्र खरोखर नामी होती. नदी खळखळत होती, पलीकडे डोंगर, आणि माणूस म्हणाल तर एकच. वाळू. हा जवळच्या कातकरवाडीतला, नदीत मासे धरून आणि मजुरी करून राहणारा. त्याने न सांगता चाकांना दगड लावून दिले.

"इथं कोण येतं का रे?" सरांनी विचारलं.

"नाय. वाट नाय, लाईट नाय, कोन येनार?" वाळू म्हणाला. हे ऐकून सरांचा जीव भांड्यात पडला. चार माणसं तर चार माणसं, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि दिवेलागणीला ऐटीत इन्व्हर्टरचं बटण दाबलं. डबा गुणगुणला. पंखा फिरला. ट्यूब दोनदा मिचमिचून लख्ख पेटली. इंदुबाई सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

त्या हसण्याचं आयुष्य साधारण दहा मिनिटं होतं. नदीपलीकडच्या गावचा ट्रान्सफॉर्मर चार दिवसांपूर्वी जळाला होता आणि गाव अंधारात, उकाड्यात बसलं होतं. त्या गावाला करंजाखाली एक पांढरीशुभ्र ट्यूब दिसली. काशीबाईची नणंद त्याच गावात दिलेली निघाली. तिने आधी येऊन बघितलं, मग जाऊन सांगितलं. अर्ध्या तासात गाडीभोवती बावीस माणसं जमली. त्यांनी गाडीला हात जोडले. का जोडले हे कोणालाच माहीत नव्हतं, पण फळ्यांच्या फटींत सोनेरी रंग दिसला आणि हात आपोआप वर गेले.

सर मुळात मास्तर. गर्दी दिसली की त्यांना वर्ग दिसे. त्यांनी पाचपाच जणांच्या तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीला पंख्याखाली सहा मिनिटं दिली. हजेरी घेतली. एक म्हातारे गृहस्थ दोन तुकड्यांत बसलेले सापडले, त्यांना ताकीद दिली. इंदुबाई स्टोव्हवर चहा टाकत होत्या, आता बावीस माणसांचा. सरांचं तिकडे लक्ष गेलं आणि त्यांना एकदम उमगलं. बायकोला दोन दिवस द्यायचे होते आणि त्यांनी तिची ओटीच चाकांवर घालून इथे आणली होती.

इतक्यात नाथा आला. नाथाची गावात लाँड्री होती. लग्नसराई, करंट नाही, आणि नवरदेवाच्या आठ पँटी चुरगळलेल्या. त्याने विजेची इस्त्री आणली होती. "सर, दोनच मिंटं," तो म्हणाला, आणि सर 'सातशे पन्नास वॅट' हे शब्द उच्चारेपर्यंत त्याने पिन खोचलीसुद्धा. इन्व्हर्टरने किंकाळी फोडली. गाडीतले सगळे लोक बाहेर पळाले आणि बाहेरचे, काय झालं ते बघायला, आत घुसले. सरांनी कसंबसं सगळं पूर्ववत केलं, तर काशीबाईने नणंदेचा मिक्सर लावला, खोबऱ्याच्या वाटणासाठी. दुसरी किंकाळी. साडेआठला ट्यूब तांबूस झाली, पंखा दमला, आणि अंदाजपत्रकातले राखीव बारा टक्केसुद्धा संपून गेले.

"झोपा आता," सर म्हणाले. लोक झोपले. तिथेच, गाडीभोवती, सकाळी पुन्हा पंखा लागेल या भरवशावर. पलंगावर दाजी, काशीबाई आणि टोपल्या होत्या. नवराबायको स्टोव्हच्या दोन बाजूंना बसून राहिले. मधे स्टोव्ह होता आणि सुकटीचा वास होता.

सकाळी सरांनी बॅटरी भरायला इंजिन सुरू केलं. त्या धडधडाटात बोलणं अशक्य झालं, म्हणून सगळे ओरडून बोलू लागले. धूर गाडीत शिरला. तरी एक माणूस हलेना. चहा देताना इंदुबाईंनी वाळूला विचारलं, "काल म्हनलास कोन येत नाय?"

"लाईट नव्हती तवा नव्हते येत, बाय," वाळू शांतपणे म्हणाला. "तुमी लाईट लावली म्हनून आले. लाईट हाय तवर नाय जायाचे." इंदुबाईंनी त्याच्या हातात चहाबरोबर दोन बटर जास्त ठेवले. सरांना याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

दहाच्या सुमाराला इंजिन खोकून बंद पडलं. डिझेल संपलं होतं. बॅटरी चिमूटभर भरली होती. सरांनी प्लॅस्टिकचा कॅन उचलला, रोह्याला पायी जायचं ठरवलं, आणि निघण्यापूर्वी इंदुबाईंना बजावलं, "बॅटरीला कोणाला हात लावू देऊ नकोस. तिच्यात आम्ल आहे. डिस्टिल्ड वॉटरशिवाय तिला काही चालत नाही. मिठाचा एक थेंब जरी गेला ना, तरी ती कायमची संपली म्हणून समज. कळलं?"

"कळलं," इंदुबाई म्हणाल्या.

रविवार. एका पंपावर डिझेलची गाडी यायची होती, दुसऱ्यावर रांग होती. सर परत आले तेव्हा चार वाजून गेले होते. उन्हाने डोकं तापू नये म्हणून त्यांनी विशालचं पिवळं हेल्मेट घातलं होतं, आणि रस्त्यात दोन माणसांनी त्यांना "साहेब, ट्रान्सफॉर्मर कधी बसवताव?" असं विचारलं होतं. लांबूनच त्यांना दिसलं की गाडीपाशी कोणी नाही. सगळे नदीकाठच्या एका सपाट कातळाभोवती रिंगण करून बसले होते. कातळावर बॅटरी होती. तिची सहाच्या सहा झाकणं उघडी होती. आणि मधोमध दाजी उकिडवे बसून, शाळेच्या प्रयोगशाळेतून सरांनी आणलेल्या उभ्या काचपात्रात आपली काचेची नळी सोडून आकडा वाचत होते.

"मामा!" सरांच्या हातातला कॅन खाली पडला.

"गप रावा, पानी हालतं," दाजी म्हणाले. मग त्यांनी जावयाला सावकाश सगळं समजावलं. सकाळी त्यांनी पिचकारीने बॅटरीतलं पाणी काढून नळी लावून बघितलं, तर अठरा डिग्री. अठरा म्हणजे कच्चं पाणी. "पंचवीस झाल्याबिगर पानी मीठ धरत नाय, ते करंट काय धरल? तुमाला पुंडलिकानं कच्च्या पान्याची बॅटरी दिली. पिकवाय नको? म्हनून उनात ठेवली."

यातली लाजिरवाणी गोष्ट अशी, की अठरा हा आकडा बरोबर होता. दमलेल्या बॅटरीचं आम्ल नेमकं तेवढंच दाखवतं. पस्तीस वर्षं मिठागरावर घालवलेल्या माणसाने रोगाचं निदान अचूक केलं होतं, फक्त औषध मिठागराचं दिलं होतं. सरांना हे मनोमन पटलं आणि त्यामुळे ते जास्तच भडकले. तेवढ्यात त्यांच्या नाकाला ब्लीचिंग पावडरचा वास आला.

"हा वास कसला?"

"उनानं आठ दिस लागले असते," दाजी म्हणाले. "कच्च्या पान्यात पिकलेलं मिसळलं की लवकर येतं. माजं गुडघ्याचं पानी वतलं. पानी पार पंचवीस डिग्री." त्यांनी नळी उंच धरून दाखवली. रिंगणातून समाधानाचा हुंकार उठला.

सरांनी हेल्मेट काढून कातळावर ठेवलं. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. सोडियम क्लोराइडपासून सुरुवात करून ते पस्तीस वर्षांच्या मुकादमकीपर्यंत येणार होते. पण तोंडातून एवढंच निघालं, "मामा, हे मिठागर नाही हो." दाजींचा चेहरा पडला. रिंगणातल्या लोकांनी उत्साहाने बॅटरी उचलून गाडीत नेली, तारा जोडल्या. सरांनी बटण दाबलं. इन्व्हर्टर एकदा बारीक आवाजात कुईं म्हणाला. पंख्याने अर्धा फेरा घेतला, थोडा विचार केला, आणि तो थांबला. नंतर कितीही बटणं दाबली तरी काही हललं नाही.

लोक थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग ज्या शालीनतेने ते आले होते त्याच शालीनतेने उठले. नाथाने इस्त्री काखेत मारली. दोन तुकड्यांत बसणारे म्हातारे जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कवा तरी जातंच परतेक जन. वाईट वाटून घेऊ नका." काशीबाई टोपल्या घेऊन नणंदेकडे निघाली, तिथे निदान अंगण मोठं होतं. दाजीही तिच्याबरोबर निघाले. ते रुसले होते. "दोन डिग्री जास्त व्हाय पायजे व्हती," एवढंच ते नदी ओलांडताना म्हणाले, आणि नळी परत आतल्या खिशात गेली. वाळू जाळं घेऊन आपल्या वाटेने गेला.

काठावर कोणी उरलं नाही. सर पायरीवर बसले. त्यांच्या मनात एकेक हिशोब उभा राहत होता: सुट्टी संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत काय सांगायचं, आळीला काय सांगायचं, पुंडलिकला कुठल्या तोंडाने सांगायचं की बॅटरी खारवली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिच्यासाठी हे केलं तिला पंखासुद्धा देता आला नाही. "हरलो मी, इंदू," ते म्हणाले. "डिझेल आणलंय. चल, घरी जाऊ. निदान तिथे पंखा आहे."

इंदुबाई आत स्टोव्ह पुसत होत्या. "बसा जरा," त्या म्हणाल्या. "बाबांवर रागवू नका. बाबा नुसती उनात ठेवणार होते. डबा मी दिला त्यांना."

सरांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "काय दिलंस?"

"पिकलेलं पानी. मीच म्हनले, बाबा, कच्च्यात हे मिसळून बघा."

"अगं पण मी जाताना सांगून गेलो होतो ना तुला? मिठाचा एक थेंब गेला तरी बॅटरी संपली म्हणून?"

"सांगितलंत ना," इंदुबाई म्हणाल्या. "थेंबानं किती येळ लागंल ते काय सांगितलं नाय. म्हनून अख्खा डबा वतला."

सव्वीस वर्षं सरांनी विज्ञान शिकवलं होतं. मुलांनी ते लिहून घेतलं, पाठ केलं, परीक्षेत चुकीचं लिहिलं. पण सांगितलेला धडा नीट ऐकून, समजून, त्याच दिवशी प्रयोग करून उत्तर बरोबर काढणारा विद्यार्थी त्यांना आजवर मिळाला नव्हता. राग यायला हवा होता, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं. त्यांनी तो शोधलाही. तिथे राग नव्हता, हसू होतं, आणि ते आवरता आवरता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उकडत नाही तुला?" त्यांनी विचारलं.

"उकडतंय की," इंदुबाई म्हणाल्या, आणि बाहेर येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. पायरी एका माणसाच्या मापाची होती. सर जरा सरकले.

ऊन उतरत होतं. पलीकडच्या काठावरून कोणीतरी हात तोंडाशी धरून हाक दिली. आवाज ओळखीचा नव्हता, गावातला कोणी उशिरा आलेला पाहुणा असावा. "ओ मास्तर, लाईट हाय का? येऊ का तिकडं?"

सर ताडकन उभे राहिले. गेल्या दोन दिवसांत गेलेली सगळी ऐट त्यांच्या आवाजात एकदम परत आली.

"नाय," ते नदीपार ऐकू जाईल असे ओरडले, "बॅटरी मेली."